गळती कायम

इतर कार्यालयांची देखभाल करणं हे आमच्या कार्यालयाचं काम. त्यामुळे आमच्या स्वतःच्या देखभालीकडे बघायला कुणी नाही, आणि ते योग्यच आहे. मी इथला हेडक्लार्क. जे घडलं ते नियमाने घडलं, हे आधीच सांगून ठेवतो. लोकांना उगाच दात काढायची सवय असते.

एका सकाळी कार्यालयाच्या एकुलत्या एका गाडीखाली तेलाचा डाग दिसला. इंजिनचं ऑइल नुकतंच बदललं होतं. ऑइल बदलताना खालचा, चेंबरचा बोल्ट काढतात, जुनं तेल सोडतात आणि बोल्ट पुन्हा बसवतात. त्या बोल्टखाली एक चपटा वॉशर असतो. तो एकदा दाबला गेला की संपला, म्हणून दर वेळी नवा घालायचा. बोल्ट मात्र त्याचे आटे शाबूत असेपर्यंत चालतो. हे ड्रायव्हरला माहीत होतं, गॅरेजवाल्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि साहेबांना तर गाडीच्या पुस्तिकेतलं ते पान तोंडपाठ होतं. माहिती नसणं ही आमच्याकडे कधीच अडचण नव्हती.

नवा वॉशर घातला नव्हता, कारण मंजुरी ‘ऑइल बदलणे’ या कामाची होती. वॉशर बदलणे हे वेगळं काम. गॅरेजवाल्याला तसं बजावून सांगणारा मीच.

आमचा ड्रायव्हर हंगामी. वर्षानुवर्षं हंगामी. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव या खेपेला खरोखरच वरपर्यंत पोचला होता आणि त्यावर फक्त एक शेरा यायचा राहिला होता: ‘ताब्यातील वाहन सुस्थितीत’. शेरा मिळाला तर कायम, नाहीतर नारळ. त्याचे सासरे घरी आले की चहाचा कप हातात घेऊन विचारायचे, “बरं, जावईबापू, सध्या काय करता?” त्या ‘सध्या’ने बिचाऱ्याचा जीव नकोसा केला होता.

तो माझ्या टेबलापाशी आला. “भाऊसाहेब, एवढासा वॉशर. मी आणून टाकतो की.”

“स्वतःचा?”

“हो.”

“म्हणजे कार्यालयाच्या गाडीत खासगी वॉशर! उद्या म्हणाल, वॉशर माझा, तेव्हा गाडीही थोडी माझी.”

“अहो, मी कशाला असं म्हणू?”

“वॉशर घालण्याआधी सगळे असंच बोलतात,” मी म्हणालो आणि त्याला साहेबांकडे घेऊन गेलो.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. “दर वेळी नवा वॉशर? का? जुन्याने काय घोडं मारलंय?”

“दाबला गेलाय तो, साहेब.”

“दाबले तर आपण सगळेच गेलोय. आपल्याला बदललं का कुणी?”

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं, कारण प्रश्न मला विचारला नव्हता.

“आवळा,” साहेब म्हणाले. आमच्याकडे कुठल्याही दुखण्यावर हेच औषध असतं.

बोल्ट आवळण्यात आला. आधी शिपायाने आवळला. शिपायाने आवळलेलं मी कसं मान्य करणार? मी वर आणखी आवळला. मग उपसाहेबांनी बाह्या सरसावल्या, आणि शेवटी स्वतः साहेब कोट काढून गाडीखाली शिरले, कारण अंतिम आवळणी सक्षम अधिकाऱ्याचीच लागते. आतून कट्‌ असा आवाज आला. साहेब हसतमुखाने बाहेर आले. “बसला!”

बसला नव्हता. आटे गेले होते. आता वॉशर तर हवाच होता, वर बोल्टही हवा होता, आणि थेंबाची धार झाली होती.

दुरुस्ती आता मोठी झाली, तेव्हा प्रकरण तज्ज्ञांकडे सोपवणं भाग होतं. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ‘गळती कक्ष’ आहे. तो कक्ष शाळा सोडून देणाऱ्या मुलांसाठी आहे, हे मला ठाऊक होतं. पण दारावरच्या पाटीत कोणाची गळती ते लिहिलेलं नाही, आणि पाटीबाहेर जाऊन विचार करणं माझ्या कामात बसत नाही.

कक्षाच्या बाई लगेच खाली आल्या. कामाला वाघ बाई. पदर खोचून गाडीशेजारी बसल्या.

“हिने कितवीत सोडलं?” त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

“बाई, तेल गळतंय हो.”

“तेल हे लक्षण झालं. कारण आजूबाजूच्या माणसांत असतं. अलीकडे हिच्यावर कुणी जोरजबरदस्ती केली का?”

ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं. “केली. हुद्द्याप्रमाणे.”

बाईंचे डोळे पाणावले. आता हिला कोणीही रागावू नये, आहे तशी स्वीकारावी आणि आधार द्यावा, असा अभिप्राय त्यांनी दिला. त्याप्रमाणे आधार म्हणून गाडीखाली एक ट्रे ठेवण्यात आला.

ट्रे आला म्हणताच गाडी जागची हलवता येईना, कारण ती हलली की आधार सुटणार. ट्रे भरला की ड्रायव्हर ते तेल उचलून वरून इंजिनमध्ये ओतायचा. ते खालून ट्रेमध्ये यायचं. ते पुन्हा वर. पठ्ठ्या दिवसभर वाकतोय, उठतोय, ओततोय. कमरेचा पार काटा ढिला झाला, पण शेऱ्याच्या आशेवर कुरकुर नाही.

मग मुख्यालयातून तपासणीसाहेब आले. त्यांनी पाहिलं तर ऑइलचा वापर नाही, पेट्रोलचा नाही, अपघात नाही, गाडी वाटेत बंद पडल्याची तक्रार नाही. सुरूच न केलेली गाडी बंद कशी पडणार? ते गहिवरले. “एवढी सुस्थिती मी आजवर पाहिली नाही,” म्हणाले, आणि तो शेरा तिथल्या तिथे देऊन टाकला.

ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर हसू फुटतंय तोच त्यांनी विचारलं, “पण गाडी चालत नाही, तर चालक कशासाठी?”

बोंबला! मला खरंच वाईट वाटलं. पण आमचे साहेब मनाने मोठे. ते पुढे होऊन म्हणाले, “चालकाचं पद रद्द करा, सर. पण ही धार बघा. दिवसरात्र चालू आहे, सुट्टी घेत नाही. काम कायमस्वरूपी, तर माणूसही कायमस्वरूपी नको?”

आणि ‘गळती सहायक’ हे पद निर्माण झालं. गळती असेपर्यंत कायम. त्याच संध्याकाळी त्याने सासऱ्यांना सांगितलं. जावई कायम झाला एवढंच त्यांनी ऐकलं, कशात ते विचारलं नाही. बायको पदराने डोळे पुसत राहिली. इतक्या वर्षांत तो इतका खूश मी कधी पाहिला नव्हता.

पुढे एकदा गॅरेजवाला आपण होऊन आला. हातात नवा बोल्ट, नवा वॉशर. “जाता-येता बघवत नाही रे. सरक, आत्ता फुकट बसवून देतो, चहा पिऊन होईपर्यंत काम खलास.”

ड्रायव्हर गाडीसमोर हात पसरून उभा राहिला. “हात लावायचा नाही!”

“अरे, वॉशर-वॉशर करत तूच माझ्या मागे लागला होतास ना?”

“तेव्हा मी हंगामी होतो,” तो म्हणाला.

गॅरेजवाला बोल्ट खिशात टाकून निघून गेला.

तुम्हाला आमच्या ड्रायव्हरचा राग आला असेल. येणारच. माणूस असा कसा बदलतो, असं तुम्ही घरी चारचौघांत बोलूनही दाखवाल. पण परवा तुम्ही दाखला न्यायला आला होतात तेव्हा तो जेवायला गेला होता, आणि ट्रे भरून तेलाचा ओघळ थेट पायरीपर्यंत आला होता. मी खिडकीत होतो. तुम्ही थांबलात. “काय हा कारभार!” म्हणालात. मग कपडे वर उचलून धरलेत आणि झकास उडी मारून पलीकडे गेलात. वर आलात, दाखला घेतलात, माझे आभार मानलेत, गाडीबद्दल चकार शब्द काढला नाहीत. जाताना तर पायरीपाशी एक आजी घुटमळत होत्या, त्यांचा हात धरून तुम्ही किती मायेने समजावलंत: “घाबरू नका, इथून उडी मारा, रोजचंच आहे.”

साहेबांनाही ते फार आवडलं. लोकांना उडी शिकवणाऱ्या माणसाची एक जागा लवकरच निघते आहे. कायम आहे. तुमचं नाव पुढे पाठवू ना?