डाव्या कुशीची उशी

स्माइलकाकांची उशी त्यांच्या मुलीने धुतली, आणि तीही प्रेमाने. सुट्टीत चार दिवस घरी आली होती. आईबाबांना काहीतरी मदत करावी म्हणून तिने पडदे धुतले, चादरी धुतल्या, आणि तरीही मशीन रिकामं दिसतंय म्हटल्यावर बाबांची उशी आत कोंबली. मशीनने आधी दोन-तीन हुंदके दिले, मग ते जागच्या जागी नाचायला लागलं. शेवटी जे बाहेर आलं ती उशी नव्हती, बटाट्यांनी भरलेली पिशवी होती.

"वाळली की होईल नीट," असं म्हणून मुलगी दुसऱ्या दिवशी कॉलेजला परत गेली. वाळल्यावर बटाट्यांचे दगड झाले.

स्माइलकाका फोटोग्राफर होते. चौकातल्या त्यांच्या छोट्या स्टुडिओत पासपोर्टचे, परीक्षेच्या अर्जांचे, ओळखपत्रांचे फोटो निघत. फोटो काढताना ते "स्माइल!" असं इतकं दरडावून म्हणत की समोरच्याच्या तोंडावर असलेलं हसूही पळून जाई. म्हणून हे नाव. दिवसभर दुसऱ्यांना बस, ऊठ, सरळ हो असं सांगणाऱ्या या माणसाची स्वतःची झोपायची तऱ्हा मात्र ठाम होती. डावी कूस, गुडघे पोटाशी, डावा हात उशीच्या खाली. पाठीवर झोपलं की आपण आजारी आहोत असं त्यांना वाटे आणि उजव्या कुशीवर झोपलं की दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं. त्या उशीला इतक्या वर्षांत त्यांच्या गालाचा बरोबर साचा पडला होता.

"नवीन आणू की एक," काकू म्हणाल्या. काकू शाळेत गणित शिकवत. त्या पाठीवर, हात छातीशी ठेवून, एखादं समीकरण सुटल्यासारख्या निवांत झोपत. त्यांना उशीचं सुखदुःख नव्हतं.

"आणू म्हणजे काय, भाजी आहे का ती?" काका म्हणाले. "तोवर चालवून घेईन मी काहीतरी."

पहिल्या रात्री त्यांनी सोफ्यावरची गादी घेतली. तिच्या मधोमध एक मोठं बटण होतं. सकाळी ते बटण काकांच्या गालावर उमटलं होतं, चारही भोकांसकट. दुसऱ्या रात्री त्यांनी शालीची घडी घातली. ती रात्रभर उलगडत गेली आणि पहाटे काकांच्या पायात सापडली. तिसऱ्या रात्री शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी मोठ्या मनाने आपली खास उशी दिली. तिला पुढे एक उंचवटा होता, मागे एक खळगा होता आणि बाजूला कसलीतरी खाच होती.

"यात डोकं कुठे ठेवायचं?" काकांनी विचारलं.

"ते मलाही अजून कळलेलं नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "पण डॉक्टरांनी सांगितलेली आहे."

त्या रात्री काकांनी डोकं खाचेत ठेवलं. सकाळी उठले तेव्हा मान डाव्या खांद्याकडे कलली होती आणि तिथून हलायला तयार नव्हती.

"दुखतंय का?" काकूंनी विचारलं.

"हलवली तर दुखतंय."

"मग हलवू नका," काकू म्हणाल्या आणि डबा घेऊन शाळेत गेल्या.

काकांनी हा सल्ला अक्षरशः पाळला. नेमकं त्याच दिवशी पाणीपुरवठा कार्यालयातले सगळे कर्मचारी ओळखपत्राच्या फोटोसाठी यायचे होते. काका कॅमेऱ्यामागे उभे राहिले. समोरच्या स्टुलावर पहिला कारकून बसला. काकांना तो वाकडा दिसला.

"मान जरा उजवीकडे घ्या. अजून थोडी. आणखी... हां, आता कसे सरळ झालात! स्माइल!"

दुसरा आला, तोही वाकडाच. काकांना नवल वाटलं. एवढ्या मोठ्या कार्यालयात एकालाही सरळ बसता येऊ नये? पण त्यांनी न कंटाळता एकेकाची मान आपल्या डोळ्यांना सरळ दिसेपर्यंत वळवली. शेवटचे दोघे-तिघे तर न सांगताच मान कलती करून बसले. समोरच्या माणसाची मान वाकडी असली की बघणाऱ्याची आपोआप होते.

संध्याकाळी मोठे साहेब फोटोंचा गठ्ठा घेऊन स्वतः आले. त्यांनी काउंटरवर सगळे फोटो मांडले.

"छान आलेत," काका म्हणाले.

"छान? अहो, सगळ्यांच्या माना बघा. काय वाटतंय?"

"काय वाटतंय?"

"सगळे जण समोरच्याचं अगदी कळवळून ऐकतायत असं वाटतंय!" साहेबांचा आवाज चढला. "ही कार्डं गळ्यात घालून माझी माणसं काउंटरवर बसली तर लोकांचा काय समज होईल? इथे तक्रार ऐकून घेतात असा! उद्या दारात रांग लागली म्हणजे तुम्ही येणार आहात का आवरायला?"

काकांनी एक फोटो उचलला. तो त्यांना सरळच दिसला. मग दुकानातल्या आरशात त्यांनी स्वतःकडे पाहिलं, आणि तेही त्यांना सरळच दिसले. मात्र आरशामागची भिंत पडायला आली होती. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

"सोमवारी सगळ्यांना परत पाठवा," ते हळू आवाजात म्हणाले. "तोवर मी सरळ होतो."

"व्हाच," साहेब म्हणाले. "नाहीतर दुसरा स्टुडिओ बघतो. आणि पुढच्या वर्षीपासून त्यालाच बोलावतो."

ही धमकी साधी नव्हती. पाणीपुरवठ्यामागोमाग वीज, विजेमागोमाग टपाल, अशी सगळी कार्यालयं एकमेकांचं बघून काकांकडे येत. एक गेलं की सगळी जाणार. रात्री काकूंनी दप्तरातली मोजपट्टी काढली, काकांना भिंतीला टेकवून उभं केलं, आणि खांद्याच्या टोकापासून कानापर्यंतचं अंतर मोजलं.

"डोकं आणि गादी यांच्यामधलं हे अंतर. एवढ्या उंचीची उशी हवी. कमी नाही, जास्त नाही. सोपं आहे."

"झोप म्हणजे काय भूमिती आहे का?"

"तुमची मान सध्या भूमितीच आहे," काकू म्हणाल्या. "रविवारी दुपारी दुकानात जा. मी पेपर तपासून येतेच मागोमाग. आणि घाईघाईने पहिली दिसेल ती उचलू नका."

गाद्या-उशांचं दुकान मोठं होतं. मधोमध पाच-सहा पलंग मांडलेले, त्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी, आणि भिंतीला छतापर्यंत उशाच उशा. रविवार असल्यामुळे माणसांची बऱ्यापैकी वर्दळ होती. विक्रेता पन्नाशीचा गृहस्थ होता. त्याचा आवाज इतका मऊ होता की त्याचीच उशी करावी.

"कसे झोपता आपण?" त्याने विचारलं.

"डोळे मिटून."

"तसं नव्हे. पाठीवर, पोटावर, की कुशीवर?"

"कुशीवर. डाव्या."

विक्रेत्याने समाधानाने मान हलवली. "मग तुमचं सगळं गणित खांद्यावर. खांदा गादीवर टेकतो आणि डोकं राहतं अधांतरी. मधली पोकळी उशीने भरायची. मऊ उशी घेतली तर डोकं बुडतं, टणक घेतली तर मान उचलली जाते."

घरी हेच ऐकून काका चिडले होते. इथे मात्र त्यांना ते फार पटलं.

"पडा," विक्रेता पलंगाकडे हात करत म्हणाला.

"इथे? सगळ्यांसमोर?"

"उशी उभ्याने कळत नाही, साहेब."

काकांनी चपला काढल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि संकोचाने डाव्या कुशीवर पडले. पहिली उशी पिसांची होती. डोकं टेकताच ते आत आत गेलं आणि दोन्ही बाजू वर येऊन कानांवर मिटल्या. विक्रेत्याचे ओठ हलताना दिसत होते.

"काय म्हणालात?" काका ओरडले. शेजारच्या पलंगावर बसून पाहणाऱ्या बाई दचकून उठल्या.

दुसरी उशी कसल्यातरी धान्याच्या टरफलांची होती. काका जरा हलले की ती कुरकुरे. "ही सारखी उलट बोलते," काका म्हणाले. "घरी त्याची सोय आहे."

तिसरी दाबली की हळूहळू खाली जाई आणि सोडली की हळूहळू वर येई.

"ही लक्षात ठेवते, साहेब."

"काय?"

"तुमच्या डोक्याचा आकार."

"आणि विसरते कधी?"

"उठल्यावर जरा वेळाने."

"म्हणजे माझ्यासारखीच," काका म्हणाले. "नको. घरात एक पुरे."

एव्हाना भोवती चार माणसं जमली होती. जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एका आजींनी तर आपली खरेदी सोडून काकांच्या खरेदीत लक्ष घातलं होतं. "खांदा उशीवर घेऊ नका हो, फक्त डोकं," त्या म्हणाल्या. "आणि हनुवटी कशाला छातीला लावता? रडताय का?"

काकांनी खांदा खाली घेतला. हनुवटी सोडवली. विक्रेत्याने वरच्या फळीवरून आणखी एक उशी काढली आणि अलगद त्यांच्या डोक्याखाली सरकवली.

"ही मधली. फार मऊ नाही, फार टणक नाही. आता दोन मिनिटं काही बोलू नका. डोळे मिटा. श्वास सोडा. ही उशी काय करते, मानेला खालून हळूच आधार देते. आधार देते म्हणजे ढकलत नाही. नुसती असते. आपण आहोत असं जाणवूही देत नाही..."

आपल्याला झोप येतेय हे सांगायला हवं, असं काहीतरी काकांच्या मनात आलं. पण ते मनात येऊन पुरं व्हायच्या आत काका झोपले होते.

जाग आली ती हळूहळू, डोळ्यांच्या आधी मानेला. काकांनी डोळे न उघडता मान जराशी हलवली. दुखलं नाही. आणखी थोडी हलवली. कुठे कळ नाही, ताठरपणा नाही. अगदी तेल घातलेल्या बिजागरीसारखी मान इकडून तिकडे फिरली. काकांना गहिवरून आलं. त्यांनी उशी हाताने चाचपली. उंची बरोब्बर. मऊपणा हवा तेवढा, आणि मऊपणाच्या आत भरवशाचा टणकपणा. शिवाय मंद ऊब. आधी ही ऊब कशी जाणवली नव्हती?

"सापडली!" ते मिटल्या डोळ्यांनीच ओरडले. "अहो, हीच! आता दुसरी दाखवू नका. हीच बांधून द्या!"

आजूबाजूला कुणीतरी खुदकन हसलं.

"ही देता येणार नाही, साहेब," विक्रेत्याचा आवाज आला.

"का? संपल्या असतील तर हीच वापरलेली द्या. मला चालेल."

"वापरलेली म्हणे!" डोक्यावरून दुसराच आवाज आला. "ही विकायची नाहीये. आणि उठा आता, पाय बधिर झालाय माझा."

काकांनी डोळे उघडले. वर काकूंची हनुवटी होती, तिच्यावर काकूंचा चष्मा, आणि काकूंच्या हातात तपासलेले पेपर. काकांचं डोकं काकूंच्या मांडीवर होतं. भोवती निम्मं दुकान उभं होतं.

काका ताडकन उठून बसले. मान सरळ होती, त्यामुळे शरमेने खाली घालायलाही अगदी सोपी गेली.

"उशी कुठे गेली?"

"तुम्हीच विकलीत, साहेब," विक्रेता कौतुकाने म्हणाला. "तुम्ही घोरायला लागलात आणि गिऱ्हाईक थांबायला लागलं. भर दुकानात, एवढ्या गलक्यात माणूस असा झोपतो म्हटल्यावर जो तो हीच उशी मागायला लागला. बघता बघता फळी रिकामी! शेवटची तुमच्या डोक्याखाली होती, तीही या आजींनी घेतली."

आजींनी काखेतली पिशवी जरा घट्ट धरली. "मी थांबले होते हो बराच वेळ. म्हटलं, उठतील आपले. पण माझा मुलगा बाहेर गाडी लावून उभा, आणि मागून गाड्यांचे हॉर्न. तेवढ्यात या आल्या."

"मी म्हटलं, उठवू नका," काकू पाय चोळत म्हणाल्या. "चार रात्री डोळ्याला डोळा नाही माणसाच्या. तुम्ही उशी न्या, मी बघते. हळूच उशी ओढली आणि पाय सरकवला. म्हटलं पाच मिनिटांचा प्रश्न आहे. राहिलेल्या अख्ख्या वर्गाचे पेपर तपासून झाले तरी हे आपले झोपलेलेच!"

"मग तू उठवायचं ना मला."

"उठवणारच होते," काकू म्हणाल्या आणि पेपरांची चळत नीट करायला लागल्या. नीटच असलेली चळत त्यांनी दोनदा नीट केली.

दुकानाच्या मालकाने येऊन काकांचा हात हातात घेतला. दर रविवारी दुपारी मोकळे असाल तर येत चला, पलंग तुमचाच समजा, म्हणाला. काकांनी आपण कलावंत आहोत, हे असलं काम करत नाही, असं बाणेदारपणे सांगितलं. "बघू," काकू म्हणाल्या.

उशीचा नवा माल यायला महिना लागणार होता. विक्रेत्याने नाव लिहून घेतलं आणि आल्याबरोबर पहिली तुमच्याकडे पाठवतो असा शब्द दिला.

दोघं बाहेर पडले तेव्हा ऊन उतरलं होतं. काका ताठ मानेने चालत होते. दुकानांच्या पाट्या, दिव्याचे खांब, समोरून येणारी माणसं, सगळं जग पुन्हा उभंच्या उभं झालं होतं. काकूंचा पाय अजून जागा झाला नव्हता, त्या काकांच्या दंडाला धरून लंगडत होत्या.

"महिनाभर थांबायला लागणार," काकू म्हणाल्या.

"काही घाई नाही," काका म्हणाले.

"मला आहे," काकू म्हणाल्या.