मोजणीचा दिवस आणि पांढरी गाडी

मोजणीच्या सकाळी पहिलीच्या दोन्ही वर्गांत मिळून आठ-नऊ बाक रिकामे दिसले आणि शाळेच्या कारकून वर्नाबाईंनी ते पुन्हा एकदा मोजले. कॅन्ससमधल्या त्या गावात सरकारकडून वर्षाचा पैसा मिळायचा तो या एका दिवशी हजर असलेल्या डोक्यांवर. घरी कुणाकडे या देशात राहायचे कागद आहेत की नाहीत, हे शाळेनं विचारायचं नसतं. पण डोकं बाकावर दिसलं पाहिजे. डोकी कमी भरली की दोन वर्गांचा एक होणार आणि नव्या टेटबाईंना नारळ मिळणार. आणि टेटबाईंचा हात धरल्याशिवाय तर अर्धी पोरं वर्गात शिरत नसत!

"वर्नाबाई, काहीतरी करा," हेडमास्तर पेनर म्हणाले. हे वाक्य ते रोजच म्हणत. स्वभावानं इतके भिडस्त, की पालकसभेतही टेबलामागेच उभे राहायचे.

वर्नाबाईंची गाडी नेमकी दुरुस्तीला होती. त्या दिवशी त्या नवऱ्याची, ड्वेनची गाडी घेऊन आल्या होत्या. त्यानं ती शेरीफच्या, म्हणजे तिकडच्या पोलीसप्रमुखाच्या लिलावात स्वस्तात उचललेली: पांढरीफटक, काळ्या काचा, आत कैद्यांसाठी जाळी. दारावरचा पोलिसी तारा खरवडला होता, तरी उन्हात ठसठशीत दिसायचा.

मांसाच्या कारखान्यामागे परदेशातून आलेल्या कामगारांच्या वस्तीत ती गाडी शिरली आणि रेडिओ बंद झाले, पडदे ओढले गेले.

"अहो, घाबरू नका!" वर्नाबाई ओरडल्या. "पोरं मोजायला आलेय फक्त!"

यावर उघड्या राहिलेल्या दोन-चार खिडक्याही बंद झाल्या.

धरपकडीची गाडी आल्याची बातमी फोनवरून पसरली. थोड्याच वेळात पेनरांचा फोन आला. "किती मिळाली?"

"एकही नाही."

"इकडचीही निघालीत! आईबाप येऊन नेतायत. कुणाचा दात दुखतोय, कुणाचा मामा गेलाय. तुम्ही तिकडे करताय तरी काय?"

वर्नाबाई गाडीच्या पायरीवर बसल्या आणि चक्क रडू लागल्या. तेव्हा कुठे एक दार किलकिलं झालं.

"अगं, तू तर माझ्या नातीच्या उवा काढणारी!" फर्मिना आजी बाहेर येत म्हणाल्या. "या गाडीतून आलीस?"

"नवऱ्याची आहे हो."

"मग नवरा बदल. आणि आमची पोरं मोजून देणार कुणाला?"

"कुणालाही नाही, आजी! पोरं कमी पडली तर टेटबाईंची नोकरी जाईल."

"असं ओरडायचं ना मग!"

आजींनी हाक मारल्याबरोबर खाटांखालून, कपाटांतून पोरं निघाली आणि खिदळत जाळीमागे जाऊन बसली. पूर्ण विश्वास काही आजींचा बसला नव्हता. म्हणून त्या फोन हातात घेऊन पुढे बसल्या.

शाळेच्या दारात पेनर दोन्ही हात पसरून उभे होते. पांढरी गाडी येतेय, एवढंच त्यांच्या कानावर आलेलं.

"न्यायाधीशाच्या सहीचा कागद दाखवा!" ते किंचाळले. "त्याशिवाय आत यायचं नाही! माझी पोरं आहेत ती!"

वर्नाबाईंनी काच खाली केली. "सर, मी वर्ना."

"कोणी का असेना! कागद!"

चष्मा घामानं इतका धुरकटला होता, की त्यांना काही दिसतच नव्हतं. मागचं दार उघडलं, पोरांनी येऊन पायांना मिठी मारली, तेव्हाच त्यांचे हात खाली आले. आजींनी हे सगळं फोनवर टिपलं आणि वस्तीभर पाठवून दिलं.

मग पोरं परत येऊ लागली. दात बरे झाले होते, मामाही उठून बसले होते. काही आयांनी तर शाळेच्या वयात बसत नसलेली तान्हीसुद्धा आणली, चुकून कमी पडायला नकोत म्हणून. टेटबाईंचा वर्ग वाचला. आकडा लिहिताना वर्नाबाईंचे डोळे पुन्हा भरून आले.

शाळा सुटल्यावर पेनर हळूच त्यांच्या टेबलापाशी आले.

"वर्नाबाई, खरं सांगा. आजींच्या त्या व्हिडिओत मी फार घाबरलेला दिसतो का हो?"

"दिसताय ना, सर. पाय नुसते लटलटतायत," वर्नाबाई म्हणाल्या. "म्हणून तर त्यांनी पोरं परत आणली."