लाव्हा थांबला ती जागा

आमचे अण्णा दगड चाखून बघतात. रस्त्याकडेचा खडा उचलायचा, धोतराला पुसायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "काळा. घट्ट. ह्याच्या पोटात पाणी न्हाई." माझ्या सोयरिकीच्या बैठकीला गेलो, तेव्हा मुलीकडच्यांच्या पायरीचा निघालेला टवका त्यांनी असाच चाखला. ते स्थळ जुळलं नाही. पायरी मात्र एक नंबर होती, असं अण्णा अजून सांगतात.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. घर बसवकल्याणला, पण तीस वर्षं ते बोअर पाडायच्या गाडीवर मिस्त्री होते. आज चिंचोळी, उद्या औराद. मुक्काम शेतात, ताडपत्रीखाली. घरी यायचे ते सणाला, तेही सण झाल्यावर.

यंदा त्यांची मुलगी विजया पुण्याहून सुट्टीला आली. ती तिथं कंपनीत इंजिनिअर आहे. सगळ्यांनी मिळून गोव्याला जाऊ, असं ती म्हणाली. अण्णा म्हणाले, "गोव्यात काय हाय? पाणी. पाणी मी लई बघितलो. चला, तुमाला ज्वालामुखी दाखवतो."

"इथं कुठला ज्वालामुखी?"

"कुठला म्हंजे? तू ज्याच्यावर उभारलीस त्योच!"

झालं. माझ्या जीपमध्ये जुनी ताडपत्री, चूल पेटवायला लाकडं, काकूंनी केलेल्या कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आम्ही चौघं. हुमनाबादच्या धाब्यावर चहाला थांबलो, तर अण्णांनी मालकाला सांगितलं, "मालक, तुमचा गल्ला लाव्ह्यावर हाय." मालक घाबरून खाली बघायला लागला.

पुढं रस्त्यासाठी टेकडी कापली होती तिथं त्यांनी जीप थांबवायला लावली. काळ्या खडकाचे जाड थर, आणि मधूनच एक तांबडा पट्टा. अण्णा देवळात उभं राहावं तसे उभे राहिले. "ह्यो खालचा एक पूर. आगीचा. वरचा दुसरा पूर. आन मधली तांबडी माती हाय न्हवं, तेवढा काळ जमीन इसावा घेत होती."

"पण अण्णा, डोंगर कुठंय? तोंडातून धूर येणारा?"

"डोंगर न्हाई ग. जमीन उसवली, शिवण उसवल्यावानी. त्यातनं आलं समदं. लोक इमानात बसून ज्वालामुखी बघायला जातेत. आपुन त्याच्यावर तूर पेरतो!" एवढं बोलून त्यांनी छाती अशी फुगवली, की तो पूर जणू त्यांनीच सोडला होता.

विजया हसली नाही. जीपमध्ये बसताना हळूच मला म्हणाली, "दगडांचा जन्म यांना ठाऊक आहे. माझा दहावीचा निकाल कधी लागला ते विचार." काकूंनी ते ऐकलं आणि खिडकीबाहेर बघितलं. अण्णांनीही ऐकलं असावं, कारण पुढचे दहा मैल त्यांनी एकाही दगडासाठी जीप थांबवायला लावली नाही. हे फार क्वचित घडतं.

चिंचोळीच्या पुढं, उन्हं कलताना, त्यांनी आम्हाला एका ओढ्यात उतरवलं. कोरड्या पात्रात काळा खडक संपत होता आणि त्याच्याखालून राखी रंगाचा, फरशीचा सपाट दगड निघत होता. अण्णांनी एक पाय काळ्यावर ठेवला, एक फरशीवर. "इथं लाव्हा दमला. इथनं पुढं गेला न्हाई."

काठावर एक वस्ती होती. आम्ही ताडपत्री बांधत होतो तेवढ्यात घागर घेतलेली एक म्हातारी आली, अण्णांकडं निरखून बघत राहिली आणि कानडी हेलात ओरडली, "बोअरवाला अण्णा!" मग तिनं विजयाचा हात धरून आम्हाला ओढतच नेलं. चिंचेखाली बोअर होता. त्याच्या लोखंडी पाइपाला हळदकुंकू फासलं होतं, वर जास्वंदीचं फूल.

"ह्या देवीनं आमचं गाव जगवलं," म्हातारी म्हणाली. "उन्हाळ्यातसुद्धा आटत न्हाई. पण ही देवी कुठली, ते आमाला अजून ठावं न्हाई."

विजया वाकली. कुंकवाखाली वेल्डिंगनं काढलेली ओबडधोबड कानडी अक्षरं होती. तिनं बोटानं कुंकू बाजूला सारलं आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"अण्णा, हे माझं नाव आहे."

अण्णा चिंचेच्या शेंड्याकडं बघत होते. काकूच बोलल्या, "तू झालीस तवा हे हितंच व्हते. सांगावा दोन दिसानं पोचला. ज्या दिशी कळलं, त्याच दिशी हितं पाणी लागलं."

"मला कधी सांगितलं कामून न्हाई?" पुण्याची विजया एकदम आमच्या भाषेत बोलली.

"सांगायला घरी कवा व्हतो?" अण्णा म्हणाले.

म्हातारीनं बटण दाबलं. पाण्याची जाड धार आली. विजयानं ओंजळ धरली, प्यायली, तोंडावरून ओला हात फिरवला. "आणखी कुठं लिहिलंय?"

"लिहिलो की. औरादकडं हाय, भालकीकडं हाय. पाणी लागलं तिथंच पण. कोरड्या बोअरवर तुझं नाव कशाला?"

ती त्यांच्याजवळ गेली. अण्णा लगबगीनं वळले आणि ताडपत्रीची दोरी ताणायला निघाले. ती मी मघाशीच बांधली होती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. विजया दुसरं टोक धरून उभी राहिली.