अर्धलीची कोंबडी

लंकाबाईंची पहिली कोंबडी गेली ती त्या नाशकात आल्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी सव्वानऊला, सून तेजस्विनी डबे भरत असताना आणि मुलगा सोमनाथ मोजा शोधत असताना. गेली म्हणजे शेजारच्या मफिनने नेली.

मफिन हा शरच्चंद्रकाकांचा कुत्रा. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यांचे थोरले बंधू त्र्यंबकला पूजा सांगत, घरात अंडंसुद्धा चालत नसे. कुत्रा त्यांच्या मुलाने, गौरांगने आणला. त्याने त्याचं नाव ठेवलं आणि पाठोपाठ कुत्र्यालाही इथेच ठेवून तो बंगळुरूला नोकरीला गेला. त्यामुळे मफिन दहीभातावर वाढून चाळीस किलोचा झाला होता आणि आयुष्याकडून त्याच्या फारशा अपेक्षा नव्हत्या. त्या सकाळी मधल्या बुटक्या भिंतीपलीकडे त्याने पहिल्यांदा कोंबडी पाहिली आणि त्याच्या अपेक्षा एकदम वाढल्या.

लंकाबाईंनी भिंतीपाशी पडलेली पिसं गोळा केली. आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर सोमनाथला बरं वाटलं असतं.

"सोमा," त्या म्हणाल्या, "पहिली गेली ती नशिबानं गेली म्हणू. दुसरी गेली तर मी गेले. राहिलेल्या डाल्यात घालीन अन् हरसूलची गाडी धरीन."

सोमनाथ हातातला एकच मोजा घेऊन पायरीवर बसला. वडील गेल्यापासून आई हरसूलच्या घरात एकटी राहत होती. मागच्या श्रावणात ती न्हाणीत घसरून पडली, ते शेजारणीच्या लक्षात यायला दुपार झाली होती. तेव्हापासून तो तिच्या मागे लागला होता. अखेर कोंबड्या बरोबर येतील या एकाच अटीवर ती तयार झाली. चार कोंबड्या आणि एक कोंबडा वेताच्या डाल्यात घालून, मांडीवर ते डालं धरून ती मखमलाबाद रोडवरच्या या रो-हाऊसमध्ये उतरली होती. आता तीन कोंबड्या उरल्या होत्या, आणि आईचं राहणं त्या तिघींच्या जिवावर होतं.

सोमनाथ अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. काही बिघडलं की आधी कारण लिहून काढायचं आणि मग उपाय करायचा, अशी त्याला सवय होती. त्याने कारण लिहिलं: कुत्रा. उपाय लिहिला: जाळी.

जाळी निफाडहून आली. तेजस्विनीच्या भावाची तिथे द्राक्षबाग होती आणि पाखरांसाठी वापरलेली जुनी जाळी त्याच्याकडे ढिगाने पडली होती. सोमनाथने रविवारचा अख्खा दिवस घालून बांबू रोवले, त्यावर जाळी ताणली, आणि एक टोक बांधायला खांब सापडेना म्हणून ते कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधलं.

सोमवारी मफिन आला. जाळी त्याला दिसलीच नाही, ती नंतर जाणवली. तो घाबरून मागे पळाला, पण एकटा पळाला नाही. त्याच्याबरोबर जाळी गेली, बांबू गेले, दोरी गेली आणि दोरीवरच्या तेजस्विनीच्या दोन साड्याही गेल्या. एवढा लवाजमा घेऊन तो शरच्चंद्रकाकांच्या ओट्यावर पोचला, तेव्हा सरोजिनीकाकू तिथे पोथी वाचत बसल्या होत्या.

"मुक्या जनावराला फासात अडकवता? लाज नाही वाटत?" काकू भिंतीवरून ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"काकू, पण आमची कोंबडीही मुकीच होती ना!" तेजस्विनी म्हणाली.

"ती कसली मुकी? पहाटे चारपासून सगळी आळी जागी करतात तुमच्या कोंबड्या!"

ओरडत होता तो कोंबडा, पण हा मुद्दा मांडायची ती वेळ नव्हती. साड्या फाटून परत आल्या. संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर 'वस्तीत कोंबड्या असाव्यात का' यावर चर्चा सुरू झाली आणि एरवी पाण्याच्या टँकरच्या मेसेजलाही उत्तर न देणारी माणसं तिच्यात हिरिरीने उतरली.

सोमनाथने पुन्हा कागद घेतला. आता उपाय होता कॅमेरा. हा कॅमेरा बोलका होता. खुराड्याजवळ काही हललं की सोमनाथचा फोन वाजायचा, आणि फोनचं एक बटण दाबून त्याने अंबडला तोंड उघडलं की आवाज घरच्या परसात निघायचा. पहिले दोन दिवस फोन कोंबड्यांमुळेच वाजत राहिला. तिसऱ्या दिवशी लंकाबाई कणी टाकायला वाकल्या आणि खुराड्याच्या छपरावरून पोराचा आवाज आला, "आई, पदर सांभाळ, चिखल आहे." त्या दचकून मागे बघू लागल्या. नंतर सुनेला म्हणाल्या, "कामावर गेलेलं पोर घरात बोलतं, हे काय चांगलं लक्षण नाय."

पण कॅमेऱ्याने खरा घात केला तो शुक्रवारी.

झालं होतं असं, की एका कोंबडीने भिंत ओलांडून शरच्चंद्रकाकांच्या तुळशीवृंदावनात अंडं घातलं. ते पाहून काका बराच वेळ वृंदावनाभोवती फिरले. अंड्याला हात लावता येईना आणि ते तिथे ठेवताही येईना. शेवटी त्यांनी ते केराच्या सुपलीत ढकललं. भांडण आपण वाढवायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. म्हणून पांढरा लेंगा-सदरा घालून, सुपली दोन्ही हातांत धरून, ते स्वतः अंडं परत करायला सोमनाथच्या परसात आले. दारात कोणी दिसेना, तेव्हा खुराड्यापाशी वाकले.

तिकडे अंबडला मीटिंग चालू होती. फोन थरथरला. सोमनाथने टेबलाखाली पाहिलं. खुराड्याशी पांढरं, मोठं, वाकलेलं काहीतरी हलत होतं. मफिनही पांढराच होता. सोमनाथने बटण दाबलं आणि मीटिंग विसरून तो गरजला, "हाड! हाड! चल हो बाहेर! पुन्हा इथं पाय टाकलास तर तंगडं मोडीन!"

मोठे साहेब त्याच वेळी दारातून आत येत होते, ते तिथेच थांबले. इकडे काकांच्या हातातून सुपली सुटली आणि अंडं लेंग्यावर फुटलं. साहेबांची समजूत सोमनाथने अर्ध्या तासात घातली, पण काका काही ऐकेनात.

"एकोणचाळीस वर्षं नोकरी केली मी," ते संध्याकाळी फाटकापाशी उभं राहून म्हणाले, "साहेबानंसुद्धा मला कधी अरे म्हटलं नाही. आणि तू हाड म्हणतोस?"

"काका, मला वाटलं मफिन आहे."

"म्हणजे मी मफिनसारखा दिसतो?"

यावर जे काही बोललं असतं ते चुकीचंच ठरलं असतं, म्हणून सोमनाथ गप्प राहिला. काकांनी ते उत्तर होकारार्थी धरलं आणि फाटक आपटून गेले.

रात्रीच्या जेवणाला लंकाबाईंनी भात चिवडला. मग म्हणाल्या, "माझ्या कोंबड्यांपायी तुझे शेजारी तुटले. तुला इथं जन्म काढायचा हे. पुढल्या महिनाअखेरीला मला पोचव."

"आई, दुसरी कोंबडी गेलेली नाही अजून! तूच म्हणाली होतीस."

"माणूस गेला त्यापरीस कोंबडी गेली असती तर बरं." त्या उठल्या. "आता माझं बोलणं झालं. महिनाअखेरीचा रविवार. तोवर तुझं ते बोलकं यंत्र काढ अन् कोंबड्या मला माझ्या रीतीनं जगवू दे."

आईने एकदा बोलणं झालं म्हटलं की ते झालेलं असतं, हे सोमनाथला लहानपणापासून माहीत होतं. त्याने कॅमेरा काढला आणि महिनाअखेरीच्या रविवारसाठी गाडी सांगितली.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई तांबडी कोंबडी काखेत मारून शरच्चंद्रकाकांच्या ओट्यावर गेल्या. काका त्यांना पाहून आत निघून गेले. काकूंना जाता आलं नाही, कारण त्या मफिनचा पट्टा धरून बसल्या होत्या.

"बाई, ही कोंबडी तुम्हाला अर्धलीनं देते," लंकाबाई खाली टेकत म्हणाल्या.

"अहो, भलतंच काय! आमच्यात चालत नाही हे!"

"खायला कुठं देते? पाळायला देते. आमच्याकडे रीत हे. जनावर माझं, राखण तुमची. पिल्लं झाली का निम्मी तुमची, निम्मी माझी."

"पण आम्हाला कशाला?"

"कुत्रं आपल्या घरच्या कोंबडीला तोंड लावत नाय. लोकाच्या कोंबडीला लावतं. मंग लोकाची राहूच द्यायची नाय ना! त्याच्यासमोर तुमच्या हातानं दाणे टाका. आठ दिवस. त्याला कळंल ही आपली म्हणून."

सरोजिनीकाकू या युक्तिवादात चूक शोधत राहिल्या. ती सापडेपर्यंत त्यांच्या ओंजळीत तांदळाची कणी आलेली होती.

पहिले दोन दिवस मफिनची लाळ ओट्यावरून पायरीवर गळत होती. तिसऱ्या दिवशी त्याने कोंबडीकडे पाहून फक्त उसासा टाकला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याची मालकीण तिला भरवत होती. पाचव्या दिवशी कोंबडीने त्याच्या वाडग्यातला दहीभात टोचला आणि तो बाजूला सरकून बसला. आठव्या दिवशी काकूंनी त्याचा पट्टा सोडला. कोंबडी त्याच्या शेपटीशी माती उकरत होती आणि तो झोपला होता.

या आठ दिवसांत दोघी बायका रोज ओट्यावर बसत होत्या. बसलं की बोलणं आलंच. एकीने मुलगा बंगळुरूहून किती दिवसांत आला नाही ते सांगितलं. दुसरीने नवरा गेल्यावरही घरात दोन माणसांचा भात कसा शिजवला जातो ते सांगितलं. काकूंनी कोंबडीचं नाव कुंदा ठेवलं. कुंदा त्यांची नणंद, आणि चाल अगदी तीच होती म्हणे. लंकाबाई कित्येक महिन्यांनी हसल्या, आणि ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेजस्विनीने पाहिलं.

मग उरलेल्या दोघीही अर्धलीने गेल्या, कारण कुत्र्याला फरक कळायचा नाही. कुंदा गौरांगच्या जुन्या सुटकेसमध्ये अंडी उबवायला बसली. तेव्हा आठवडाभर रुसलेले शरच्चंद्रकाका पंचांग घेऊन बाहेर आले आणि एकविसावा दिवस मोजून म्हणाले, "संकष्टीला निघतील. दिवस चांगला आहे." पिल्लं दोन दिवस आधीच निघाली. काकांनी ग्रहांना दोष दिला, पण पिल्लं सात आहेत हे त्यांनीच आधी बघितलं आणि ते सांगायला ते सोमनाथच्या दारात आले.

"हाड म्हणू नकोस, निरोप आणलाय," ते म्हणाले.

आता सगळं सुरळीत झालं होतं. फक्त रविवार जवळ येत होता. सोमनाथला आईला विचारायचं होतं, की आता तरी राहशील का. पण तिने नाही म्हटलं तर, या भीतीने तो विचारत नव्हता. लंकाबाईंनाही काही सांगायचं असावं, पण दिलेला शब्द आपणच कसा मोडायचा, म्हणून त्याही गप्प होत्या. दोघं समोरासमोर बसून जेवायची आणि पावसापाण्याचं बोलायची. काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी गाडी आली. लंकाबाई लुगड्याची घडी चौथ्यांदा घालत होत्या. सोमनाथने डालं उचललं आणि जड मनाने कोंबड्या धरायला परसात गेला. त्याने एक धरली. ती ओरडली.

मफिन भिंतीवरून आला तो थेट सोमनाथच्या अंगावर. त्याने सोमनाथच्या पँटचा पाय दातात धरला आणि डाल्यावर पुढचे दोन्ही पाय रोवून तो असा गुरगुरू लागला, की कॉलनीची दारं उघडली. सोमनाथने कोंबडी सोडली. मफिनने पँट सोडली. सोमनाथने पुन्हा हात पुढे केला, मफिनने पुन्हा पँट धरली. असं तीनदा झालं.

सरोजिनीकाकू धावत आल्या. "काय चाललंय हे? कोंबड्या कुठे नेतोस?"

"काकू, आई हरसूलला चालली आहे. कोंबड्या तिच्या..."

"तिच्या एकटीच्या? अर्धलीच्या आहेत त्या! आणि लंकाताई, तुम्ही जाताय? मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

लंकाबाई पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी लेकाकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं. "त्यांचं खरं हे सोमा. अर्धलीचं जनावर दुसऱ्याला न विचारता हलवत नाय. तशी रीतच नाय."

"मग विचार ना!"

"विचारते की. बाई, नेऊ का कोंबड्या?"

"मुळीच नाही," काकू म्हणाल्या.

"ऐकलंस? नाय म्हणतात." लंकाबाई पायरीवरच बसल्या. "अन् कोंबड्या टाकून मी कशी जाऊ? मी तर शब्द पाळायला निघाले होते. आता माझा काय इलाज?"

सोमनाथ फाटक्या पँटनिशी उभा होता. त्याला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, म्हणून त्याने खाली बघून चिखल झटकल्यासारखं केलं. "गाडीवाला थांबलाय. त्याला परत पाठवतो," तो कसाबसा म्हणाला.

"आलेली गाडी रिकामी का धाडायची? तू जा हरसूलला." लंकाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "लोखंडी तवा आण. जातं उचललं तर बघ. अन् भिंतीवरचा तुझ्या बापाचा फोटो आण. लय दिवस एकटा हे तिथं."

सोमनाथ गाडीकडे निघाला. मफिनने वाटेत त्याचे दोन्ही हात नीट हुंगले, त्यांत कोंबडी नाही याची खात्री करून घेतली आणि मगच त्याला फाटकाबाहेर जाऊ दिलं.