गणपतरावांच्या चकरा

डॉ. प्रसेनजीतनं सकाळीच जाहीर करून टाकलं, "आज मॅडम बघतच राहणार!"

एम.डी. मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला होता तो. ओपीडीत आजवर सीनियरच्या बाजूला स्टूल टाकून बसायचं, बीपी घ्यायचं, सीनियर सांगेल ती गोळी पेशंटला द्यायची आणि मान हलवायची, एवढंच काम. आज मात्र विभागप्रमुख पूर्णिमा मॅडमसमोर एक अख्खा पेशंट एकट्यानं तपासायचा होता. मॅडम मागे बसून नुसतं ऐकणार, आणि जमलं तर आजपासून स्वतःचं टेबल!

"पेशंटशी बोलायला जमेल ना?" बरोबरीच्या अक्षतानं विचारलं.

"मी वारणानगरचा! इथल्या माणसाची बोली मला काय शिकवतेस?"

बाहेरून दारावरच्या मावशी ओरडल्या, "फुडचं!" तसा फेट्यातला एक धिप्पाड माणूस आत घुसला आणि खुर्ची करकरवत बसला. गणपतराव, मुक्काम आजरा.

"बोला काका, काय त्रास?"

"चकरा! दुसरं काय? चकरा मारून जीव गेला बघा, पावणं!"

यातलं 'मारून' प्रसेनजीतच्या कानात शिरलंच नाही. तो उडालाच! पुस्तकात चकरांवर अख्खा धडा होता आणि तो त्यानं रात्रीच घोटला होता.

"किती दिवस?"

"म्हैना झाला की! कालबी झाली, आज परत!"

"सुरू व्हायच्या आधी काय होतं?"

"आदी एस.टी.चा तरास! परवा तर चढालाच बसली. निस्ता दम निघाला!"

आता ईसीजीत, म्हणजे हृदयाच्या आलेखाच्या पट्टीत, एस.टी. नावाचा एक भाग असतो. तो वरखाली झाला की मेडिसिनवाल्याला धाप लागते. चढ, दम आणि वर एस.टी.! प्रसेनजीतला आनंद लपवता येईना.

"एस.टी.चं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? आमच्या गावात ल्हान पोराला म्हाईत हाय!"

'अख्खं गाव! म्हणजे घराण्यातच!' प्रसेनजीत मनात नाचला. "छातीत काही?"

"छातीत न्हाय, डोसक्यात जातंय!"

"कळ डोक्यात जाते! सिस्टर, ईसीजी!"

मग काय, धावपळ! गणपतरावांचा फेटा सिस्टरच्या हातात, सदरा खुंटीवर, छातीला वायरी. गणपतराव मात्र खूश. महिनाभरात पहिल्यांदाच कुणी त्यांचं इतकं मनावर घेतलं होतं!

पट्टी निघाली. तालमीतल्या पोराला लाजवेल अशी धडधाकट! प्रसेनजीतचा चेहरा पडला. मागून मॅडमनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "गणपतराव, चकरा कसल्या?"

"ह्या दवाखान्याच्या की! आजऱ्यासनं एस.टी.नं यायचं आन् हात हलवत जायचं!"

"आणि पेशंट कोण?"

"आमची मंडळी! भाईर बसलीया. म्हैन्यामागं ती एकलीच आत आल्ती, मी भाईर हुतो. तिला बीपीची गोळी दिली आन् ते डॉक्टर म्हणालं, 'दुसऱ्या कुणाला दाखवू नका, मलाच दाखवा.' आलो तर सायेब कवा वॉर्डात, कवा इमर्जन्सीत! गोळ्या संपून चार दिस झाल्यात!"

मॅडम ताडकन उठल्या. "कोण डॉक्टर?"

तेवढ्यात नवऱ्याचा आवाज ऐकून चिमणाबाई आत आल्या. वायरीतले मालक बघून दचकल्या, आणि लगेच त्यांची नजर प्रसेनजीतवर गेली.

"अगंबाई! ह्येच की ते! घावलं एकदाचं!"

प्रसेनजीतला टेबलाखाली जावंसं वाटलं. चकरांचं कारण सापडलं होतं आणि ते पांढरा कोट घालून उभं होतं! त्यानं चिमणाबाईंचं बीपी घेतलं. चांगलंच वाढलेलं. आता मात्र त्यानं घाई न करता सगळं विचारलं, मॅडमना दाखवून गोळी लिहिली आणि हात जोडले. "चुकलं माझं, मावशी."

मॅडम थोड्या निवळल्या. "टेबल घे. पण आधी 'पेशंट कोण' हे विचारायचं!"

गणपतराव सदऱ्याची बटणं लावत होते. "म्हंजी डॉक्टर, माज्या चकरा बंद न्हवं?"

"एकदम बंद, काका!" प्रसेनजीत पुन्हा फुलला. "पुढच्या मंगळवारी या आणि थेट मलाच दाख—"

"मंगळवारी," मॅडम म्हणाल्या, "तू वॉर्डात आहेस."