पेटी फलाटावर लागलेली आहे

नांदेडला आमच्या अण्णांकडे गेलेल्या माणसाला आधी पाणी मिळत नाही, टॉवेल मिळतो. पाणी नंतर. पेटीत बसल्यावर, स्ट्रॉने.

अण्णा म्हणजे माझे धाकटे चुलते. अख्खी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीत, माईकसमोर गेली. "उमरीमार्गे धर्माबादकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे," हे त्यांनी इतक्या वेळा पुकारलं, की काकूंनी पानं वाढली की घरातही "जेवण लागलेलं आहे" असंच म्हणायचे. सगळ्या जिल्ह्यानं त्यांचं ऐकलं, पण ऐकता ऐकता पळत. अर्धं वाक्य कानावर पडलं की माणूस पिशवी उचलून निघालेला.

काकू गेल्या, आणि लेक वैशाली त्यांना पुण्याला घेऊन गेली. तिच्या सोसायटीत खाली वाफेची खोली आहे. अण्णा एकदा तिथं गेले आणि मग रोजच जायला लागले. महिन्याभरात नांदेडला परतले ते वाफेचे प्रचारक होऊन. आल्या आल्या सुतार बोलावला, घरातला डबल बेड मोडला आणि त्याच्या प्लायवूडची पेटी करून घेतली. आत स्टूल, पुढं दोन दारं, वर मान बाहेर काढायला गोल भोक. स्वयंपाकघरातल्या जुन्या कुकरची शिट्टी काढून तिथं रबरी नळी बसवली आणि नळीचं दुसरं टोक पेटीच्या बुडाशी सोडलं. कॉलनीतली माणसं पेटीला 'इडलीपात्र' म्हणतात. अण्णांसमोर नाही.

पेटीचे फायदे अण्णांना तोंडपाठ. गुडघे मोकळे होतात, पोट साफ राहतं, झोप लागते, सुनेशी पटतं. एकानं विचारलं, अण्णा, मे महिन्यात नांदेडला पेटी कशाला, अंगणात उभं राहिलं तरी तेच की. अण्णा म्हणाले, "ऊन येगळं, वाफ येगळी. उन्हानं माणूस वाळतो. वाफेनं शिजतो." आणि एका बैठकीनं काही होत नाही. कोर्स पूर्ण करावा लागतो. कोर्स किती बैठकांचा, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

दूधवाला, मीटर बघायला आलेला माणूस, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले व्याही, सगळे पेटीत बसून गेले. मग यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी एका विमा एजंटाला पेटीत भोवळ आली. म्हणजे त्यानं मान टाकली, पण मान भोकात असल्यामुळं ती नीट पडलीही नाही, नुसती कलली. अण्णांना वाटलं, माणूस रंगून ऐकतोय. शेजारच्या बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि बोंब ठोकली. एजंट लिंबूपाणी पिऊन घरी गेला, पण बातमी पुण्याला गेली.

वैशालीचा मला लातूरला फोन आला. रविवारी टेम्पो येईल आणि पेटी भंगारात जाईल, असं तिनं ठरवून टाकलं होतं. फक्त अण्णांची समजूत मी काढायची. "दादा, तूच जा. तू शांत आहेस."

मी शांत नाही. मी घाबरून गप्प बसतो, त्यामुळं लोकांचा गैरसमज होतो. गॅस बंद आहे का, ते मी झोपण्यापूर्वी पुन्हापुन्हा बघतो. बसमध्ये संकटकालीन खिडकीशी बसतो आणि ती उघडते का, तेही हळूच पाहून घेतो. ब्लडप्रेशरची गोळी मी चुकवत नाही. उलट घेतली की नाही या शंकेनं ते आणखी वाढतं. अशा माणसानं एका म्हाताऱ्याची आवडती वस्तू काढून घ्यायला जायचं. त्या शनिवारी लातूरहून निघाल्यापासून अहमदपूर येईपर्यंत मी पहिलं वाक्य जुळवत होतो. अहमदपूरला ते जुळलं आणि लोह्याला विसरलो.

बेत सोपा होता. एक चहा घ्यायचा, विषय काढायचा, 'हो' म्हणवून घ्यायचं आणि चारची लातूर गाडी पकडायची.

दार उघडून अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाळ्या, तोंड उतरलंय रे. लई फिकीर करून राहिलास." हातात टॉवेल आला. मी म्हणालो, अण्णा, मला चारची गाडी आहे. ते म्हणाले, "लातूरच्या गाड्या मला सांगतो का? बस की."

नाही म्हणणं मला जमत नाही. आता तर ज्याची वस्तू न्यायला आलो त्याचं मन आधी राखावं, असाही एक विचार आला. हा विचार भित्रा माणूस नेहमीच करतो. पंचा नेसून मी आत बसलो. अण्णांनी माझा चष्मा काढला, काचेवर वाफ बसते म्हणून. चष्म्याशिवाय मला समोरची भिंत म्हणजे नुसता पिवळा डाग. मग दारं मिटली, मानेभोवती टॉवेल कोंबला गेला आणि अण्णांनी पुकारा केला, "पेटी फलाटावर लागलेली आहे."

लगेच घाम फुटला. पाठीवरून, कपाळावरून, भुवयांतून. छातीत धडधडायला लागलं. आपले हात आत आहेत आणि डोकं बाहेर आहे, ही स्थिती माणसाला फार विचार करायला लावते. एजंटासारखी माझी मान कलली तर? त्याहून वाईट म्हणजे, अण्णांनाच काही झालं तर? अण्णा जमिनीवर आणि मी पेटीत. पेटीसकट उठून दाराकडं पळता येईल का, याचाही हिशोब केला. दारातून पेटी जाणार नव्हती.

अण्णांनी समोर खुर्ची ओढली, नॅपकिननं माझं कपाळ टिपलं आणि गोष्ट सुरू केली. धर्माबादच्या गाडीची.

ही गोष्ट आमच्या घराण्यात सगळ्यांना पाठ आहे, पण शिंकांपर्यंतच. काकू नव्या नवरी होत्या, रुसून उमरीला माहेरी निघाल्या होत्या. बसल्या धर्माबादच्या गाडीत. त्या गाडीत एका व्यापाऱ्याचं मिरच्यांचं पोतं होतं. गाडी स्टँडाबाहेर पडते न पडते तोच ते फुटलं आणि सगळी गाडी शिंकायला लागली. ड्रायव्हरही. अण्णा एकेका शिंकेची नक्कल करतात, आणि त्या शिंकांच्या गोंधळात पाहुणा चप्पल शोधतो. "बरंय अण्णा, येतो." पुढं काय झालं, ते कुणालाच माहीत नाही.

मला मात्र चप्पल शोधायची सोय नव्हती. ड्रायव्हर शिंकला, कंडक्टर शिंकला. मध्येच अण्णांना नातीच्या नाचाचा फोटो आठवला. "हे बघ, तुला दाखवायचंच राहिलं." मोबाईल समोर धरला, आणि मला दिसेना म्हणून त्यांनी स्वतःच चष्मा माझ्या नाकावर चढवला.

नात दिसली. छानच होती. मोबाईलच्या मागं स्वयंपाकघराचं दार दिसलं. दारातून ओट्याकडचं भांड्यांचं स्टँड दिसलं, आणि त्यावर कुकर दिसला. धुऊन, पालथा घातलेला. नळी गुंडाळून खिळ्याला टांगलेली. गॅस बंद. ही गोष्ट तर मी लांबूनही ओळखतो.

म्हणजे एवढा वेळ मी कोरड्या पेटीत बसून, नुसत्या भीतीनं घामाघूम झालो होतो.

मी आतून गुडघ्यानं दार ढकललं. ते लगेच उघडलं. त्याला कडीच नव्हती.

अण्णांनी आधी माझ्या नजरेकडं पाहिलं, मग कुकरकडं. सगळ्या शिंका थांबल्या. मोबाईल खाली गेला. माईक चालू राहिलाय हे उशिरा लक्षात आलेल्या माणसासारखे ते दिसले.

"तुला बीपी हाय," ते म्हणाले. "तुला वाफ कशी देऊ? त्या एजंटापासून कुणालाच देत न्हाई मी."

मी विचारलं, मग पेटीत कशाला बसवलं?

अण्णांनी नॅपकिनची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "पुण्याला त्या वाफेच्या खोलीत मोबाईल नेऊ देत न्हाईत बाळ्या. माणसं बसायची. बोललं की ऐकायची. कोण कुठला मी, पण ऐकायची." मग माझं कपाळ टिपत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाहेर खुर्चीवर बसला असतास तर चारची लातूर पकडली असतीस."

तेवढ्यात खुंटीवरच्या माझ्या पँटच्या खिशात फोन वाजला. वैशालीच. माझी मान अजून भोकात. अण्णांनीच फोन काढला, नाव वाचलं, बटण दाबून माझ्या कानाला लावला आणि तोंड दुसरीकडं करून उभे राहिले. तिचा आवाज खोलीभर ऐकू जात होता. बोललास का दादा? तयार आहेत ना? टेम्पोवाल्याला उद्या सकाळचं सांगू?

अण्णांनी मोकळ्या हातातला नॅपकिन चुरगाळला.

"टेम्पो नको पाठवूस," मी म्हणालो. "माझा कोर्स चालू आहे."

ती पलीकडून काय काय म्हणाली. सगळं खरंच होतं. म्हातारा माणूस, गरम पाणी, गॅस. कुकर पालथा आहे, एवढं मी तिला सांगितलं. बाकीचं रात्री समजावतो म्हणालो, आणि मानेनंच अण्णांना खूण केली. त्यांनी फोन बंद करून टेबलावर ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात चारला थोडाच वेळ होता. चष्मा नाकावर असल्यामुळं मला तो स्वच्छ दिसत होता. छाती अजून धडधडत होतीच, ती कशानं धडधडते हे मी विचारायचं सोडून दिलं.

अण्णा खुर्चीच्या काठावर टेकले. निघणाऱ्या पाहुण्यासमोर टेकतात तसे.

पेटीचं उघडं दार मी आतून ओढून घेतलं.

"हं," मी म्हणालो. "ड्रायव्हर शिंकला. मग काकूंचं काय झालं?"