काळबांडेजींनी झोपेला ताण दिला

आमच्या शेजारच्या काळबांडेजींनी गेल्या हिवाळ्यात आपल्या झोपेला ताण दिला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. संत्र्याला बहर यावा म्हणून आमच्या भागात बागेचं पाणी काही आठवडे तोडतात. पानं मलूल होतात, झाड घाबरतं, आणि मग पाणी सोडलं की फुलांनी भरून जातं. याला ताण देणं म्हणतात. काळबांडेजी मूळचे नरखेडकडचे, सगळी नोकरी कृषी खात्यात. त्यामुळे समोर येईल त्या गोष्टीचं झाड करून बघायची त्यांना सवय. झोप येत नव्हती, म्हणून त्यांनी पलंग उभा करून भिंतीला टेकवला, उशी माझ्याकडे आणून दिली आणि म्हणाले, "भाऊ, मी मागितली तरी देऊ नका. ताण देऊन राहिलो. एकदम बहर आला पाहिजे."

तिसऱ्या दिवशी ते उशी मागायला आले. मी दिली नाही. ठरलं होतं तसं वागलो. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि बहरही आला नाही.

काळबांडेजींना थायरॉइड आहे. ग्रंथी कमी काम करते, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी आणि त्यानंतर अर्धा तास चहा बंद. त्यांच्या भाषेत, "गळ्यातली मोटर पाणी कमी फेकून राहिली, म्हणून वरून पंप लावला." पंप लावल्यावर खरं तर माणसाला बरं वाटायला हवं. यांची मात्र झोप उडाली, छाती धडधडू लागली, आणि भर जानेवारीत ते बनियनवर फिरू लागले.

झोपेची गोळी घ्यायला त्यांची तयारी नव्हती. "रासायनिक खत नको. सेंद्रिय पाहिजे." मग सेंद्रिय उपाय सुरू झाले. जायफळ घातलेलं दूध झालं. काशाच्या वाटीनं तळपाय घासून झाले. तेलकट पायांनी ते मोरीत घसरले, तो एक स्वतंत्र खर्च झाला. रात्री मोबाइल बघू नये असं कुणी सांगितलं, तेव्हा त्यांनी तो तांदळाच्या डब्यात पुरला आणि सकाळी तो सापडेना म्हणून माझ्या फोनवरून त्यावर रिंग दिली. पाणी न भरता कूलर लावला, का तर उन्हाळ्यात त्या आवाजात झोप लागते. "काळबांडेजी, थंडी आहे," मी म्हणालो. "थंडी अंगाले आहे भाऊ, कानाले नाही." त्या महिन्याचं वीजबिल मी पाहिलं. आकडा सांगत नाही.

शेवटी मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला.

"काका, तुमचं आता उलट झालंय. औषध जास्त होतंय. झोप त्यामुळेच उडते. हे असंच चाललं तर हृदयाला त्रास होईल. मी लिहिली तेवढीच गोळी घेता ना?"

"तेवढी तर घेतोच मॅडम. एक दिवस चुकवली नाही."

बाईंनी मान हलवली. मला मात्र ते 'तेवढी तर' खटकलं. त्यांची औषधं येता-जाता मीच आणतो. शंभर गोळ्यांची बाटली, रोज एक, म्हणजे तीन महिन्यांवर जायला हवी. यांना दोन महिन्यांच्या आत दुसरी लागली होती.

रविवारी सकाळी आठला बाटली घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, जाब विचारायलाच. काळबांडेजी चहा संपवत होते. तेवढ्यात बंगळूरहून वर्षाचा, त्यांच्या मुलीचा, व्हिडिओ कॉल आला. त्यांनी कप झटकन पेपराखाली सारला आणि मिशीवरचा बिस्किटाचा चुरा पुसला.

"बाबा, गोळी घेतली का?"

"अवं, राहूनच गेली पाहा."

"रोजचंच आहे तुमचं. उठा आधी. फोन सोबत घ्या, ठेवू नका. आई होती तेव्हा बरी आठवण राहायची. काल भाजी काय केली? पुन्हा पिठलं? जीभ दाखवा. जिभेखाली दाखवा."

काळबांडेजींनी माझ्यासमोर गोळी गिळली आणि लहान मुलासारखी जीभ वर केली. फोन संपल्यावर मी विचारलं, "आणि चहाच्या आधी?"

"साडेचारले घेतली ना एक. ती डॉक्टरची."

"मग ही कोणाची?"

ते जरा वेळ कप पुसत बसले. "घेतली म्हटलं का 'बरं बाबा, ठेवते' म्हणते. नाही म्हटलं का रागावते. रागावाले तिले दहा मिनिटं लागतात."

मला रागवायचं होतं, ते राहून गेलं. मी एवढंच म्हणालो, "साडेचारची सोडा. आठलाच घ्या, तिच्यासमोर. चहा साडेआठला."

"पाचचा चहा चाळीस वर्षांचा आहे भाऊ." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "साडेपाचले अर्धा कप?"

"नाही."

पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरबाईंना खरं काय ते सांगितलं, काळबांडेजींच्या देखतच. दोन महिन्यांनी रिपोर्ट जागेवर आला. रात्रीची झोपही हळूहळू लागायला लागली आहे.

तो रिपोर्ट द्यायला सकाळी गेलो तर दार नुसतं लोटलेलं. काळबांडेजी खुर्चीत, मान एका बाजूला, तोंड उघडं. समोर लोणच्याच्या बरणीला टेकवलेल्या फोनमध्ये वर्षाच्या स्वयंपाकघराचं छत दिसत होतं आणि पोळपाटाचा आवाज येत होता.

"काळबांडेजी," मी हाक मारली.

छताच्या जागी वर्षाचा चेहरा आला, हाताला पीठ. "काका, हळू. गोळी घेतली न् चहाची वाट पाहत बसले होते. बसल्या बसल्या झोपले."

"मग तू फोन ठेव, तुला ऑफिस असेल."

"ठेवला का जागे होतात," ती म्हणाली. "माझ्या पोळ्या व्हायच्याच आहेत."

गॅसवर चहाचं पाणी उकळत होतं. मी तो बंद केला आणि दार हळूच ओढून घेतलं.